पाडव्यापर्यंत मुदत

गच्चीवरच्या सोलरच्या काचा पुसायच्या त्या थंडीत, आणि त्याही ऊन चढायच्या आत, असा आमच्या घरचा नियम होता. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते, असं बाबांनी एकदा जाहीर केलं होतं आणि ते तपासून बघायची कुणाची छाती नव्हती. धायरीत आमच्या घरामागे तेव्हा अजून शेतं होती. पौषात तिकडून असा गारठा यायचा की बादलीत हात घातल्यावर बोटं आपली की शेजाऱ्यांची ते कळू नये. आई होती तोवर हे काम बाबांचं होतं. आई गेल्यावर त्यांनी गच्चीवर जाणंच सोडलं. मी एकटीच होते, बँकेतून बदली मागून त्यांच्याकडे राहायला आले आणि सोलरसकट सगळं माझ्या गळ्यात पडलं.

बाबांनी सोडलेल्या गोष्टींत गच्ची ही एकच नव्हती. सकाळचं फिरणं सोडलं. पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल पेननं गोल करणं सोडलं. कानाचं मशीन काढून स्टीलच्या डबीत ठेवलं ते ठेवलंच. मशीन नसलं की त्यांना समोरच्याचे ओठ हललेले दिसत, अगदी कानाशी ओरडलं तर काही शब्द पोचत, एवढंच. "अहो बाबा, लावा की ते," असं मी ओरडले की म्हणत, "कशाला? ऐकण्यासारखं काय राहिलंय?" मला राग लवकर येतो आणि तो मला त्यांच्याकडूनच मिळाला आहे. ज्या माणसाला सोबत करायला मी आले तो माझं बोलणं ऐकायलाही तयार नाही, याचं मला वाईट वाटे आणि त्याहून जास्त संताप येई.

आई श्रावणात गेली होती. पुढच्या पाडव्यापर्यंत वर्ष पुरं झालं नव्हतं, त्यामुळे गुढी उभारली नाही. ते रीतीला धरूनच झालं. मग वर्षश्राद्ध झालं, दिवाळी आली. मी दारात पणत्या लावल्या तर बाबा म्हणाले, "तेल वाया घालवू नकोस." त्या रात्री मी मनाशी पक्कं केलं, की येत्या पाडव्याला गुढी उभारायची, आणि ती बाबांनीच उभारायची. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. सरळ 'नाही' म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. माझी भीती साधी होती. हाही पाडवा तसाच गेला तर हा माणूस पुन्हा कशालाच हात लावणार नाही, आणि खुर्चीत बसल्या बसल्या एक दिवस संपून जाईल.

गुढीची काठी गच्चीवरच होती. एरवी पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरवली की बाबा ती काठी तेलाच्या बोळ्यानं पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकत. आईच्या शेवटच्या पाडव्याला तिला उभं राहवत नव्हतं. तरी तिनं घरासमोर रस्त्यावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकायला लावली आणि शाल पांघरून तिथे बसली. वर बाबा गच्चीच्या कठड्याला काठी बांधत होते आणि ही खालून हातानं इशारे करत होती. संध्याकाळी तिला धाप लागली. तिला आत निजवायच्या गडबडीत काठी 'उद्या ठेवू' म्हणून कठड्यालाच आडवी बांधली गेली. तिच्यावरून दोन पावसाळे गेले तरी ती तिथून हलली नव्हती. कपडे वाळत घालायला वर गेले की मी तिच्याकडे बघायचं टाळत असे.

संक्रांतीच्या आधीची एक सकाळ. काचा पुसून झाल्या, बादलीत थोडं पाणी उरलं होतं, आणि मला वाटलं, आज ही काठी धुऊनच टाकावी. धुतलेली काठी खाली नेऊन बाबांसमोर ठेवली की 'बघू' म्हणणं जड जाईल, हा त्यातला डाव. जवळ गेले तर कठड्याखाली बेसन सांडावं तशी पिवळट पूड पडलेली. काठीच्या खालच्या अंगाला गोल भोकं होती, बोट जाईल एवढी, गिरमिटानं पाडावीत तशी. वाळवी म्हणावं तर वाळवी इतकं व्यवस्थित काम करत नाही. मी दोरी सोडली, काठी उभी केली आणि आतला भुसा पडावा म्हणून फरशीवर दणदण आपटली.

भुसा पडलाच, पण त्याबरोबर काळं काळं काहीतरी पडलं. भुंगे होते. मोठ्या करवंदाएवढे, तसेच काळे आणि तुकतुकीत. तीन होते. पाय पोटाशी घेऊन ओल्या फरशीवर पडले आणि हलले नाहीत. मेलेले दिसतात, असं म्हणून मी झाडूनं ते सुपलीत ओढले. तेवढ्यात हातातल्या काठीतून आवाज आला. खोलवरून, दाराआड कुणी घोरत असावं तसा. मग थांबला. मी काठी घाईघाईनं खाली ठेवली. आत आणखी होते.

हाका मारून उपयोग नव्हता. मी खाली गेले, बाबांचा हात धरला आणि "चला, बघा काय झालंय ते" म्हणत त्यांना जवळजवळ ओढतच जिन्यापाशी आणलं. त्यांना वाटलं टाकी फुटली. कानटोपी, शाल आणि पायात माझ्याच सपाता, असे ते दीड वर्षानं गच्चीवर आले.

सुपलीत वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मेले नाहीत. गारठलेत."

पेपराचा कपटा घेऊन त्यांनी एकेक भुंगा उचलला आणि कठड्यावर कोवळं ऊन आलं होतं तिथे नेऊन ठेवला. मला बँकेला उशीर होत होता. तरी मी थांबले, कारण बाबा थांबले होते. ऊन सरकलं. एका भुंग्यानं एक पाय लांब केला. मग तो सबंध अंगानं थरथरायला लागला, शिट्टी व्हायच्या आधी कुकर थरथरतो तसा, आणि त्याच्या काळ्या पंखांवर जांभळट निळा रंग चमकला. दुसराही हलला. बाबांनी काठी अलगद उचलून कठड्यावर त्यांच्या शेजारी आडवी धरली. ते दोघे चालत चालत आपापलं भोक शोधून आत गेले. तिसरा हललाच नाही. बाबांनी त्याला दुपारपर्यंत उन्हात राहू दिलं आणि मग तुळशीच्या कुंडीत पुरलं, हे मला संध्याकाळी कळलं.

काठी पुन्हा जागेवर बांधून झाल्यावर त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि टिचकी मारली. त्यांना ऐकू येणार नव्हतं, पण हाताला कळलं. "ठेव हात," मला म्हणाले. मी ठेवला. लाकडाच्या आत गुणगुण होती. माझ्या हाताशेजारी बाबांचा हात होता, थंडीनं निळसर पडलेला, आणि मला एकदम रडू येईल असं वाटलं.

"आता काठी हलवता येणार नाही," बाबा म्हणाले. "आत भाडेकरू आहेत."

रडू गेलं आणि राग आला. त्यांना आयती सबब सापडली होती. "धूर दिला की जातील," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"थंडीत कुणाला घराबाहेर काढतात का?" असं म्हणून ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर काठीला पुठ्ठ्याची पाटी टांगलेली. बाबांचं ते वळणदार अक्षर: 'आत वस्ती आहे. या काठीवर टॉवेल टाकू नये. विचारल्याशिवाय काठी हलवू नये. विचारू नये.' गच्चीवर आमच्या दोघांशिवाय कुणी येत नव्हतं, म्हणजे पाटी माझ्यासाठीच होती. आई गेल्यानंतरचा हा बाबांचा पहिला विनोद. मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून हसले आणि मग तिथेच उभी राहून रडले.

शेजारच्या आक्का गावातल्या जुन्या घराण्यातल्या, आईची त्यांच्याशी गट्टी. त्यांनी आपल्या गच्चीवरून पाटी बघितली आणि मला विचारलं. मी सांगितलं. "भुंगं हायती व्हय? थंडीचं बसत्यात आत. संक्रांत झाली का जात्यात निघून, तू नगं काळजी करू." मी संक्रांतीची वाट पाहिली. तिळगूळ वाटून संपला. कुणी गेलं नाही. रोज दुपारी उन्हं तापली की एखाद-दुसरा भुंगा बाहेर पडे, आक्कांच्या शेवग्याच्या फुलांवर घोंघावून येई आणि उन्हं उतरायच्या आत घरी परते. बाबांना त्यांच्या वेळा पाठ झाल्या. सोलरच्या काचा त्यांनी माझ्याकडून परत घेतल्या. पुसायला म्हणून जात आणि काठीपाशी बसून राहत. मला हे आवडत होतं हे मी कबूल करते, पण गुढीचं नाव काढलं की त्यांचे डोळे पुन्हा कुठेतरी दुसरीकडे जात.

शेवटी मी बुरूड आळीत गेले आणि नवी काठी विकत घेतली. चांगली सरळ, पेरांवर तासलेली. ती रिक्षातून आणताना दोन्हीकडून बाहेर डोकावत होती आणि सिंहगड रस्त्यावरच्या यच्चयावत स्कूटरवाल्यांनी मला माझी लायकी सांगितली. ती काठी मी बाबांपुढे उभी केली. त्यांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "कपडे वाळत घालायला बरी आहे," म्हणाले. आणि खरोखरच गच्चीवरच्या दोन हुकांत अडकवून टाकली. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. न ऐकणाऱ्याशी न बोलून काय साधणार, हे मलाही कळत होतं, पण दुसरं हत्यार नव्हतं.

माघ सरत आला तशी एका संध्याकाळी मी वर कपडे काढत होते. बाबा काठीपाशी बसले होते. माझ्याकडे न बघताच ते बोलायला लागले.

मी पाळण्यात होते तेव्हाची गोष्ट. नारायण पेठेत आम्ही एका खोलीत राहत होतो. भाडं वेळेवर जाई, पण पावती नाही, करार नाही, सगळं तोंडी. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांना खोली हवी झाली. निरोप आला तो ऐन पौषात, आठवड्याभरात निघा म्हणून. "मी काही विनंती करायला जाणार नव्हतो," बाबा म्हणाले. "माझा ताठा. तुला घेऊन स्टेशनवर झोपलो असतो, पण जिना चढून त्या माणसाकडे गेलो नसतो. तुझी आई गेली. तुला दुपट्यात गुंडाळलं आणि गेली. म्हणाली, थंडी सरेपर्यंत राहू द्या, बाळ लहान आहे. माणूस खडूस, पण तुझ्याकडे बघितलं असेल. म्हणाला, पाडव्यापर्यंत."

पाडव्याच्या दिवशी सामान न्यायला हातगाडी ठरवलेली होती. घरात सगळी बांधाबांध. आणि आईनं काढलं, आधी गुढी. बाबा म्हणाले, कुणाच्या घराला? संध्याकाळी हे घर आपलं नाही. आई म्हणाली, आत्ता आहे ना. काठी नव्हती. तिनं कपडे वाळत घालायची काठी काढली, लग्नातली साडी बांधली, पाणी प्यायचा तांब्या पालथा घातला. बाबांना खिडकीत उभं केलं आणि स्वतः मला कडेवर घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली. "डावीकडे घ्या, अहो डावीकडे, अशी ओरडत होती. सगळी पेठ बघत होती. मालकसुद्धा वरून बघत होता. संध्याकाळी गुढी उतरवली आणि गाडी निघाली."

मी हातातले कपडे धरून तशीच उभी होते. ही गोष्ट मला कुणीच सांगितलेली नव्हती. आईनंही नाही.

"म्हणून यांनाही पाडव्यापर्यंत," काठीकडे हात करून बाबा म्हणाले.

"आणि पाडव्याला नाही निघाले तर?" मी ओरडून विचारलं. माझं न बोलणं तिथे संपलं.

"आम्ही निघालो होतो," बाबा म्हणाले. मी गुढीचा विषय पुढे रेटला नाही. त्यांना आणखी दुखवायची माझी हिंमत झाली नाही.

होळी झाली. उन्हं तापली, सोलरच्या काचा पुसायचं काम संपलं. भुंगे निघतील म्हणून मी बघत होते, तर कठड्याखाली पुन्हा ताजी पिवळी पूड पडायला लागली. काठीला एक नवं भोक पडलं. आक्कांनी आपलं संक्रांतीचं भाकीत विसरून नवं केलं, "आता काय निघत्यात? पोरंबाळं व्हनार त्यास्नी." मी बाबांना कानाशी जाऊन हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. "थंडीपुरते म्हणून आत घ्यावं तर हे असं. कायदा माहीत दिसतोय." पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. जुनी काठी गेली, नवी कपड्यांना लागली. मी मनातून पाडवा सोडून दिला. फक्त सवयीनं साखरेची गाठी आणली आणि फडताळात ठेवून दिली. आदल्या रात्री झोपताना मला आईचा इतका राग आला, की एवढं सगळं स्वतःभोवती बांधून ही बाई अशी निघून कशी गेली.

सकाळी जाग आली ती वरच्या आवाजानं. गच्चीवर काहीतरी ओढलं जात होतं. मी धावतच जिना चढले, कारण बाबा तिथे एकटे आणि कठडा कमरेएवढाच.

काल मी वाळत घातलेले कपडे खुर्चीवर घडी घालून ठेवलेले होते. नवी काठी हुकांतून निघून कठड्याला उभी बांधलेली होती, जुन्या काठीपासून पुरेशी दूर. तिला आईची हिरव्या काठांची साडी होती. निऱ्या अशा घातलेल्या, की आईनं पाहिल्या असत्या तर पुन्हा सोडायला लावल्या असत्या. वर तांब्या, आक्कांच्या दारचा कडुनिंब, आणि माझी फडताळातली गाठी. घामानं बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते वळले तेव्हा त्यांच्या कानात मशीन दिसलं.

"सेल कालच आणले," माझी नजर पाहून ते म्हणाले. "दुकानदाराला सांगितलं, गुढीसाठी हवेत. तो बघतच राहिला."

बाबांनी काठी एका हातानं धरून ठेवली होती, गाठ अजून पक्की मारायची होती.

"खाली जा," ते म्हणाले. "रस्त्यावर उभी राहा. मला बांधता येते गं, चाळीस वर्षं बांधतोय. पण सरळ झाली की नाही ते मला इथून कधीच कळलेलं नाही."

मी जिना उतरले. रस्त्यावर आईची खुर्ची जिथे टाकली होती तिथे जाऊन उभी राहिले आणि वर पाहिलं. गुढी वाकडी होती, चांगलीच वाकडी, उजवीकडे आक्कांच्या शेवग्याकडे झुकलेली. जुन्या काठीतून एक भुंगा बाहेर आला, साडीभोवती फिरला आणि कडुनिंबाच्या मोहोरावर बसला. बाबा कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघत होते. मी दीड वर्षाच्या सवयीनं होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडले, "डावीकडे घ्या, बाबा! अजून डावीकडे!"

"ओरडू नकोस," वरून बाबा म्हणाले. "ऐकू येतंय."